टू-व्हील ड्राइव्ह गाडी पांदणीवर कशी न्यायची आणि मुक्काम कुठे करायचा: विदर्भातल्या रस्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

काळ्या मातीची पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, वरून वाळते, भेगाळते, पांढुरकी दिसते. चार बोटं खाली मात्र ओलीच असते. माणूस चालला तर पाय रुतत नाही, म्हणून वाटतं रस्ता चांगला आहे. हजार किलोची गाडी त्यावर मंदावली की वरचा पापुद्रा फुटतो. चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, चाक गरगर फिरतं, टायरची नक्षी चिखलानं भरून गुळगुळीत होते आणि पाच मिनिटांत चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, जमिनीला टेकतो.

मग म्हटलं जातं, फोर बाय फोर पाहिजे होती. खरं तर चूक क्रमात झालेली असते. आधी गाडी घातली, मग उतरून पाहिलं. अल्टो, वॅगनआर, ईको, साधी बोलेरो अशा दोनच चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या गाड्या विदर्भातल्या पुष्कळ पांदणी, बरड माळ आणि कोरडे नाले सुखरूप पार करतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा.

टप्पा १: आपली गाडी मोजा

आधी ओढ कोणत्या चाकांना आहे ते पक्कं करा. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट यांची ओढ पुढच्या चाकांना असते. ईको, ओम्नी, बोलेरो यांची मागच्या. सामान कुठे ठेवायचं, चढ कसा चढायचा आणि फसल्यावर काय करायचं, हे सगळं यावर ठरतं.

इंजिनाची ओढ दोन चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरेन्शिअलची एक खोड लक्षात ठेवा. ज्या चाकाला पकड नाही तेच चाक फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक नुसतं उभं राहतं. म्हणजे एक चाक ओल्यात गेलं तरी गाडी अडकली समजा.

आता गाडीत प्रत्यक्ष जाणारी माणसं बसवा, सामान भरा, सपाट जागी उभी करा आणि जमिनीपासून गाडीच्या सर्वात खालच्या भागापर्यंत टेपनं मोजा. छोट्या गाडीत हा भाग बहुधा चेंबर किंवा सायलेन्सरचा पाइप असतो, बोलेरोत मागच्या ॲक्सलवरचा डिफरेन्शिअलचा गोळा. कंपनीनं दिलेला आकडा रिकाम्या गाडीचा असू शकतो, आणि भरलेली गाडी दोन-तीन सेंटिमीटर सहज खाली बसते.

पाच फुटांचा सरळ बांबू घ्या. त्यावर दोन खुणा करा: या सर्वात खालच्या भागाची उंची लाल रंगानं, चाकाच्या मध्याची पांढऱ्या रंगानं. पुढच्या प्रत्येक टप्प्यात ही काठी लागणार आहे. तुराटीची काठी घेऊ नका, चिखलात खुपसली की मोडते.

टप्पा २: दिवस आणि वेळ ठरवा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. मे महिन्यात जमीन कोरडी असते, पण पारा ४५ अंशांवर जातो आणि पहिल्या गिअरमध्ये चालणारं इंजिन तापतं. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण साध्या गाडीसाठी बंद समजा.

माती ओळखा. यवतमाळ, वाशीमकडच्या बरड आणि मुरमाड जमिनीवर पाऊस थांबल्यावर काही तासांत गाडी चालते. काळ्या कापसाच्या मातीला एका चांगल्या सरीनंतर तीन-चार दिवस कडक ऊन लागतं. अकोला, दर्यापूर, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यात त्याहूनही जास्त, कारण तिथल्या मातीतून पाणी खाली झिरपतच नाही. पूर्वेला झाडीपट्टीत धानाच्या बांध्यांमधली वाट कापणीनंतरही बरेच दिवस ओल धरते.

पाऊस नसतानाही पांदण ओली सापडते, आणि नेमके इथेच बाहेरून आलेले फसतात. हरभरा-गव्हाला रात्रीच्या लाइनीवर (विजेवर) ओलित, म्हणजे पाणी देणं, चालतं. संध्याकाळी कोरडी असलेली वाट सकाळी चिखल झालेली असते. म्हणून गावातून पुढे निघताना एकच प्रश्न विचारा: "भाऊ, या पांदणीत कोणाचं ओलित सुरू आहे काय?" वाटेवर स्प्रिंकलरचे पाइप आडवे असतील तर त्यावरून गाडी नेऊ नका. मालकाला हाक मारा, तो बाजूला करून देईल.

तपासणी, वात वळून पाहा: वाटेच्या मधोमध चार बोटं खालची माती काढा. लिंबाएवढा गोळा करा आणि दोन्ही तळव्यांत, समईची वात वळतात तशी वळा. न तुटता पेन्सिलीपेक्षा बारीक वात झाली, तर गाडी त्या पांदणीत घालायची नाही. वात जाड असतानाच तुकडे पडले आणि हातावर भुगा राहिला, तर चालेल. वरची माती वळून काही कळत नाही. खालचीच घ्या.

टप्पा ३: सामान आणि ते भरायची पद्धत

सुटकेचं सामान सर्वात शेवटी भरा, म्हणजे ते सर्वात आधी हाती येईल. गाडी पोटावर बसल्यावर तंबू, गाद्या, भांडी चिखलात उतरवून फावडं शोधायची वेळ येऊ नये.

- फावडं, शक्यतो आखूड दांड्याचं. गाडीखाली लांब दांडा फिरत नाही.
- सब्बल एक, विळा एक.
- चार फूट लांब, दहा इंच रुंद, दीड इंच जाडीच्या दोन लाकडी फळ्या. त्या नसतील तर बारदान्याची सहा रिकामी पोती.
- जॅकखाली ठेवायला एक फूट चौरस जाड फळी. ही नसेल तर काळ्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो.
- २० फुटांचा टोइंगचा पट्टा, दोन डी-शॅकल आणि गाडीचा स्क्रूनं बसणारा टो-हुक.
- १२ व्होल्टचा हवा भरायचा कंप्रेसर आणि वेगळा प्रेशर गेज.
- ट्यूबलेस पंक्चरचं किट, किमान दहा बत्त्यांसह (भोक बुजवायच्या रबरी दोऱ्या).
- एम-सील, इंजिन ऑइल एक लिटर, फ्यूज, तार, दोन टॉर्च.
- दोन माणसांच्या एका रात्रीसाठी २० लिटर पाणी, रेडिएटरसाठी वेगळं ५ लिटर.

टाकी भरून निघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चालीत मायलेज निम्म्यावर येऊ शकतं.

जड सामान खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. पुढच्या चाकांची ओढ असलेल्या गाडीत डिक्कीत पाण्याच्या कॅन रचल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर नुसती फिरतात. कॅन पुढच्या सीटमागे, पाय ठेवायच्या जागेत ठेवा. ईको-बोलेरोत मागे थोडं वजन असलेलं बरं. टपावर फक्त हलकं सामान.

नेहमीची चूक: स्टेपनी महिनोन्महिने पाहिलेली नसते. तिच्यात हवा भरा. शिवाय टायरच्या दुकानात मशीननं आवळलेले नट हातपान्यानं सुटत नाहीत. घरीच प्रत्येक चाकाचा एकेक नट सोडून पुन्हा आवळून पाहा. पान्याच्या दांड्यात बसणारा दोन फुटांचा लोखंडी पाइप सोबत ठेवा.

टप्पा ४: हवा जागेवर पोचल्यावर सोडा

डांबरी रस्त्यावर दरवाजाजवळच्या पट्टीवर छापलेलं प्रेशर ठेवा. छोट्या गाड्यांना साधारण ३० ते ३३ पीएसआय. डांबरी संपल्यावर थांबा. खडबडीत पण टणक वाटेवर २५-२६, नदीच्या मोकळ्या रेतीत १८ ते २०. १५ च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. कमी हवेवर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवा.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. तुरीच्या किंवा पराटीच्या (कपाशीच्या) कापलेल्या वावरातून जायची वेळ आली तर हवा सोडायची नाही. विळ्यानं तिरपी कापलेली तुरीची खुंटं सुळासारखी असतात. हवा कमी असली की टायरची बाजू बाहेर फुगते आणि खुंट तिथेच घुसतं. बाजू फाटलेल्या टायरला बत्ती चालत नाही, तो टायर गेलाच. दुसरी वाट असेल तर खुंटांच्या वावरात शिरूच नका.

बाभळीचा काटा नक्षीत रुतलेला दिसला तर थुंकी लावून पाहा. बुडबुडा येत नसेल तर तिथे उपटत बसू नका. पंक्चरच्या दुकानापर्यंत तसाच जाऊ द्या.

टप्पा ५: आधी पायी, मग चाकं

पुढची पन्नास-साठ पावलांची जमीन जिथे नीट दिसत नसेल, तिथे उतरा आणि काठी घेऊन चाला. दर दहा पावलांवर दोन्ही चाकोऱ्यांत काठी दाबा. मनगटाच्या जोरावर वीतभर आत गेली तर त्या ओळीतून जायचं नाही. काठी चाकोरीत उभी धरून मधल्या उंचवट्याची पातळी पाहा. उंचवटा लाल खुणेच्या जवळ येत असेल, तर चाकोरीत चाकं घातली की चेंबर घासणार.

ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इथे मोठा धोका आहेत. खरिपात ओल्यात पडलेल्या त्या खाचा दिवाळीनंतर दगडासारख्या कडक होतात. त्यातून जायची पद्धत अशी: एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर, दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेरच्या काठावर. खाच पोटाखाली राहते. उंचवटा कुठे ढासळलाय ते आधीच पायी पाहून ठेवलेलं असलं पाहिजे. काठ म्हणजे कुणाचा तरी धुरा (शेताचा बांध) असतो. पीक तुडवायचं नाही.

वेग चालत्या माणसाइतका, पहिला किंवा दुसरा गिअर, पाय स्थिर. मऊ पट्टा समोर दिसला तर गिअर पट्ट्याच्या अलीकडेच बदला; मध्ये क्लच दाबला की गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी बसते. दगडावर मात्र उलटं: जितकं हळू तितकं चांगलं. दगड पोटाखाली घेऊ नका. टायर त्यावर चढवा, पोट आपोआप उचललं जातं.

चढ सरळ चढा, तिरपे जाऊ नका. पुढची ओढ असलेली गाडी सुट्या मुरमाच्या आखूड चढावर घसरत असेल तर रिव्हर्समध्ये चढून पाहा. वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं आणि गाडी निघते. चढ सरळ असावा आणि इशारा देणारा माणूस बाजूला उभा असावा, गाडीच्या खालच्या अंगाला कधीच नाही. उतारावर पहिला गिअर. क्लच दाबून गाडी सोडू नका.

थांबून तपासा: दर अर्ध्या तासानं तापमानाचा काटा पाहा. कुसळी गवताच्या माळातून आला असाल तर बंपरच्या जाळीतून रेडिएटरकडे टॉर्च मारा. कुसळांची गादी जमलेली दिसते आणि हवा अडते. गार झाल्यावर हातानं काढा. काटा वर चढला तर एसी बंद करा, गाडी उभी करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते.

टप्पा ६: नाला, रपटा आणि रेती

रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) वाहतं पाणी असेल तर थांबा. पाणी गुडघ्याइतकं दिसलं तरी छोट्या गाडीला ते बाजूला ढकलू शकतं, आणि खालचा स्लॅब खचला आहे की नाही हे गढूळ पाण्यात दिसत नाही. नाल्याचं पाणी जसं चढतं तसंच काही तासांत ओसरतं. वाट पाहा.

संथ पाण्याच्या नाल्यात चाकं जाणार त्या दोन्ही ओळींवर काठी टेकवत पलीकडे चालून या. पाणी पांढऱ्या खुणेच्या खाली आणि तळ खडीचा किंवा गोट्यांचा, असं दोन्ही असेल तरच गाडी घाला. तळाला गाळ असेल तर घोट्याइतकं पाणीही पुष्कळ झालं. पहिला गिअर, एकसारखी चाल, मध्ये गिअर बदलणं नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका: हवेच्या पाइपातून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च इंजिन खोलण्यापर्यंत जातो. ढकलत बाहेर काढा. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा.

कन्हान, वर्धा, वैनगंगेच्या पात्रात रेती उपसल्याचे खड्डे असतात आणि वरून ते सपाट वाटतात. पात्रात उतरायचंच असेल तर ट्रॅक्टर गेलेल्या ताज्या खुणांवरूनच. मोठं वळण घ्या. थांबताना ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्या, नाहीतर टायरपुढे रेतीचा ढीग जमतो आणि निघताना तोच अडवतो.

टप्पा ७: गाडी फसली तर

इथे घाई सर्वात महाग पडते.

१. चाक एक फेरा फिरलं आणि गाडी हलली नाही, की पाय काढा. दुसरा फेरा नको.

२. आपल्याच खुणांवरून रिव्हर्समध्ये एकदा, अगदी हलक्या पायानं प्रयत्न करा. आलात ती जमीन गाडीला पेलली होती, पुढची माहीत नाही. नाही हलली तर इंजिन बंद.

३. सगळे उतरा, जड सामान उतरवा, मग वाकून पोट पाहा. पोट टेकलेलं असेल तर चाकाखाली कितीही दगड घाला, उपयोग नाही. वजन पोटावर आहे, चाकांवर नाही. आधी चेंबर आणि ॲक्सलखालची माती काढा. बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत.

४. फावड्यानं चाकाच्या जायच्या दिशेला तीन फूट लांबीचा हळू चढत जाणारा उतार कोरा. काटकोनी खड्डा ठेवलात तर चाक त्याच्या भिंतीलाच अडतं.

५. काडी किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं टायरच्या नक्षीतली माती काढा. कंटाळवाणं आहे, पण याशिवाय टायर गुळगुळीतच राहतो.

६. चाक फार खोल असेल तर फळीवर जॅक ठेवून उचला, खाली दगड, मुरूम किंवा फळी भरा. बाकी चाकांना दगडांची अटण लावा. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका.

७. फळ्या किंवा चार पदरी ओली पोती चाकाला अगदी भिडवून ठेवा. पराटी वापरायची तर जाड जुड्या करून चाकाच्या दिशेला आडव्या अंथरा. धुऱ्यावरचा पराटीचा ढीग कुणाचं तरी वर्षाचं सरपण असतं; विचारून घ्या.

८. ओढणाऱ्या चाकांची हवा १८ वर आणा.

९. स्टिअरिंग सरळ. पुढे निघायचं असेल तर दुसरा गिअर, मागे असेल तर रिव्हर्स. क्लच हळू सोडा. मागच्या ओढीच्या गाडीत एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून पाहा: फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि थोडी ओढ दुसऱ्याकडे जाते. पुढच्या ओढीच्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो, तो पूर्ण सोडलेला हवा.

इशारा: फळी किंवा पोतं चाकाखालून गोळीसारखं मागे उडतं. ढकलणाऱ्यांनी ओढणाऱ्या चाकांच्या ओळीत उभं राहू नये.

दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. पट्टा टो-हुकलाच लावा. स्टिअरिंगचा रॉड किंवा लोअर आर्मला बांधला तर तो वाकतो आणि गाडी निघूनही चालवता येत नाही. ट्रॅक्टरवाल्या भाऊंना आधीच सांगा: झटका नको, पट्टा ताणून मग हळू. साखळी टाळा. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं टाका आणि सगळ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा. डिझेलचे आणि वेळेचे पैसे न मागता द्या, तुडवलेल्या पिकाचेही.

टप्पा ८: मुक्काम

हिवाळ्यात सहाच्या आतच अंधारतं. चार वाजता जागेवर असा. उजेडात पायी तपासणी होते, रात्री होत नाही.

जागा शेतमालकाला विचारून घ्या आणि गावात पोलीस पाटलांच्या कानावर घाला. जंगलात मनानं तंबू ठोकता येत नाही: राखीव वनात विनापरवाना शिरणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. ताडोबा-मेळघाटात राहायचं तर वनखात्याच्या मंजूर जागीच. जंगलालगतच्या शेतातही आधी वनरक्षकाला विचारा. वाघाचा वावर कुठे आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

जागा नाल्याच्या पात्रात नको. धरणाच्या खालच्या नदीपात्रात तर मुळीच नको, आभाळ निरभ्र असतानाही दरवाजे उघडतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली झोपू नका. गळालेली फुलं खायला रात्री अस्वल येतं आणि पहाटे गावकरी वेचायला येतात. आग्या मोहोळ असलेलं झाडही टाळा. मामा (माजी मालगुजारी) तलावाजवळ थांबायचं तर पाळीपासून, म्हणजे बांधापासून, दूर, टणक उंचवट्यावर.

गाडी बाहेरच्या दिशेला तोंड करून, मुरमाड जागी उभी करा. वाळल्या गवतावर उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरनं गवत पेटतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम. या काळात शेकोटी नाही, गॅसवरच स्वयंपाक.

रात्री शेजारच्या वावरात पाय ठेवू नका. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार टॉर्चच्या उजेडातही दिसत नाही, आणि काही ठिकाणी बेकायदा थेट लाइन सोडलेली असते. ती जीव घेते.

झोपताना तंबूची चेन पूर्ण बंद. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा चावा दुखतही नाही, म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपायचं नाही. सकाळी बूट झटकून घाला. चावलं तर बांधणं, कापणं यात वेळ न घालवता ग्रामीण रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. इतर संकटात ११२, वनखात्यासाठी १९२६. यासाठी मोबाइलला रेंज कुठल्या टेकाडावर येते ते संध्याकाळीच शोधून ठेवा. शेगडी तंबूत घेऊ नका आणि काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. दोन्हीतला विषारी वायू झोपेतच मारतो.

टप्पा ९: परत निघताना

रात्री सर पडली असेल तर सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पुन्हा वात वळून पाहा. वळली तर थांबा. एक दिवसाचं जादा खाणं-पाणी याचसाठी सोबत हवं. बाजूनं मुरमाची वाट असेल तर पाच किलोमीटरचा फेरा परवडतो.

निघण्याआधी गाडीखाली पाहा. ऑइलचा ताजा डाग दिसला तर चेंबरला चीर आहे. ती जागा पेट्रोलच्या फडक्यानं कोरडी करून एम-सील दाबा, तासभर वाळू द्या, ऑइलची पातळी काडीवर पाहून भर घाला आणि सावकाश जवळच्या मेकॅनिकपर्यंत जा. सायलेन्सरभोवती अडकलेला पाला, काड्या ओढून काढा.

डांबरीवर आलात की हवा पूर्ववत भरा, मगच वेग वाढवा. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट एकदा आवळा. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं तर अलाइनमेंट बिघडली असं समजून दुकान शोधू नका. आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. तिथे एकाच अंगाला काळ्या मातीचं ढेकूळ वाळून बसलेलं असतं. सब्बलीच्या टोकानं जपून काढा, पाण्यानं धुवा आणि पुन्हा चालवून पाहा.